छाती साफ, मान फुगलेली, बीपी खाली: उजव्या हृदयाचा पेशंट आयसीयूत कसा ओळखायचा, कसा सांभाळायचा

आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरना डाव्या हृदयाचा फेल्युअर लवकर ओळखू येतो. पेशंट उठून बसलेला असतो, धाप लागलेली असते, दोन्ही फुप्फुसांत बुडबुडे ऐकू येतात. उजव्या हृदयाचा पेशंट एवढा गाजावाजा करत नाही. तो आडवा पडलेला असतो, छाती साफ असते, 'जेवण नको' एवढंच म्हणतो. लघवी हळूहळू कमी होते, हातपाय गार पडायला लागतात आणि पहाटेपर्यंत बीपी घसरतं. मग सवयीने कुणीतरी सलाईन धो धो सोडतं आणि पेशंट आणखी खालावतो.

हा लेख त्या पहाटेच्या आधीच्या तासांसाठी आहे. पुण्याच्या कुठल्याही आयसीयूत, सरकारी असो की खाजगी, पेशंटजवळ सलग आठ किंवा बारा तास आपणच असतो. म्हणून ही घसरण सगळ्यात आधी आपल्याला दिसायला हवी. बीपी कमी दिसलं की हात सलाईनकडे जाण्याआधी नजर मानेकडे गेली पाहिजे, ही एकच सवय तुम्हाला लागली तरी मला खूप वाटेल. औषधांचे डोस मी मुद्दाम फारसे लिहिलेले नाहीत. ते डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरने आणि तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलनेच द्यायचे.

आत काय बिघडतं

उजव्या वेंट्रिकलची, म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याची, भिंत पातळ असते, ३ ते ५ मिलीमीटर. त्याचं रोजचं काम हलकं असतं, कारण निरोगी माणसाच्या फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब १४ मिलीमीटर पाऱ्याच्या आसपासच असतो. तो २० च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. रक्त थोडं जास्त आलं तर हा कप्पा ताणून घेतो, पण समोरचा दाब एकदम वाढला तर त्याला झेपत नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेल्या दाबाशी तो जाड होऊन जुळवून घेतो. तासाभरात गुठळी येऊन अडकली तर तेवढी सवड त्याला मिळत नाही.

मग तो फुगतो. फुगला की मधला पडदा डावीकडे सरकतो, डाव्या कप्प्यात रक्त भरायला जागा उरत नाही आणि बीपी पडतं. बीपी पडलं की उजव्या कप्प्याला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरीतला दाबही पडतो, त्यामुळे तो आणखी दुबळा होतो. अशा वेळी जास्तीचं सलाईन दिलं की फुगलेला कप्पा अजून फुगतो. हे चक्र एकदा सुरू झालं की फार वेळ हातात राहत नाही.

मागच्या बाजूला रक्त तुंबतं. लिव्हर, आतडी, किडन्या, पाय, सगळीकडे. किडनीचं गणित नीट समजून घ्या. किडनीतून रक्त वाहतं ते धमनीतला दाब आणि शिरेतला दाब यांच्या फरकावर. मीन प्रेशर (धमनीतला सरासरी दाब) ६५ आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) २० असेल तर फरक उरतो ४५. मॉनिटर हिरवा दिसतो आणि युरिन बॅगमध्ये काही पडत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

कुणावर डोळा ठेवायचा

उजवं हृदय निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे डावं हृदय. जुना अटॅक, कमी पंपिंग, किंवा लहानपणी संधिवाताचा ताप येऊन आकसलेला मायट्रल व्हॉल्व्ह. दुसरा गट फुप्फुसांचा. मुळशी, भोर, पुरंदर, जुन्नरकडून आलेल्या आजी 'आयुष्यात कधी विडी ओढली नाही' म्हणतात आणि ते खरंच असतं, पण त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं चुलीपुढे काढलेली असतात. चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनलिका आकसण्याचा जुनाट आजार) होतो आणि त्यातून पुढे उजव्या हृदयावर ताण येतो. हिस्टरी घेताना सिगारेटीबरोबर चुलीचंही विचारा. जुन्या टीबीने खराब झालेली फुप्फुसं, खूप लठ्ठपणा आणि झोपेत घोरताना श्वास थांबणं, हेही याच रांगेतले.

अचानक बिघडणारे पेशंट वेगळे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, ज्यात ईसीजीवर लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी वर जातो, त्यातल्या एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त पेशंटांत उजवा कप्पाही सापडतो. फुप्फुसात गेलेली गुठळी हे दुसरं कारण. खुब्याचं ऑपरेशन, कॅन्सर, नुकतंच झालेलं बाळंतपण आणि बरेच दिवस न हललेले पाय असलेल्या पेशंटांत ती डोक्यात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात जीबीएसची (गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा पाय लुळे पडलेले, व्हेंटिलेटरवरचे पेशंट आठवडेच्या आठवडे आयसीयूत होते. अशा पेशंटचा हेपरिनचा (गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाचा) एक डोस चुकला तरी ती साधी बाब नाही. तिसरं म्हणजे एआरडीएस (दोन्ही फुप्फुसांना एकदम आलेली गंभीर सूज) आणि जास्त पीपवरचे (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेल्या दाबावरचे) व्हेंटिलेटरचे पेशंट, आणि हृदयाच्या ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस.

पायरी १: हाताने आणि डोळ्याने

ड्यूटी घेतल्यावर पंप आणि मॉनिटर बघण्याआधी पेशंट बघा. बेडचं डोकं ४५ अंशांवर घ्या, मान किंचित डावीकडे वळवा, बॅटरीचा उजेड मानेवर तिरका पाडा. आतली जुग्युलर शीर थेट दिसत नाही, कातडीखाली लहरीसारखी हालचाल दिसते. ती बोटाने दाबली तर थांबते, आणि एका ठोक्यात सहसा दोनदा हलते. कॅरोटिड एकदाच उडते आणि बोटाला जाणवते. हालचालीचं वरचं टोक छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून उभ्या रेषेत ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर शिरेतला दाब वाढलेला आहे. पुष्कळ वाढला असेल तर टोक कानाच्या पाळीमागे जातं आणि ४५ अंशांवर दिसतच नाही, मान नुसतीच भरलेली वाटते. शंका आली तर पेशंटला आणखी उठतं बसवून पुन्हा बघा. श्वास आत घेताना शीर खाली जायला हवी. ती उलट वर येत असेल तर लगेच कळवा.

मग पोट. तळहात पोटाच्या मध्यावर ठेवून १० ते १५ सेकंद सावकाश दाबा आणि पेशंटला नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगा. मानेतली शीर ३ सेंटीमीटरहून जास्त चढून तशीच राहिली तर उजव्या कप्प्याला जास्तीचं रक्त झेपत नाही. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर जोर लावू नका. ते दुखणंच खूण आहे: लिव्हर रक्ताने फुगलं की त्याचं आवरण ताणलं जातं. पेशंट मात्र 'गॅस झालाय' म्हणतो आणि घरचे ओवा देतात.

सूज पायावर शोधून थांबू नका. आयसीयूतला पेशंट आडवा असतो, त्यामुळे पाणी माकडहाडापाशी आणि मांड्यांच्या मागे उतरतं. कुशीवर वळवताना तिथे अंगठा दाबून धरा. आणखी एक गोष्ट मी नव्या मुलींना आवर्जून दाखवते. गावाकडच्या बायकांच्या पायातली जोडवी बघा, पुरुषांच्या कमरेचा करगोटा बघा. जोडवी बोटात रुतलेली असतील, करगोट्याचा वळ पोटावर उमटलेला असेल, तर हे पाणी आजचं नाही, पंधरवडाभर साचतंय. 'चप्पल कधीपासून बसेना?' या प्रश्नाला घरचे अगदी अचूक उत्तर देतात. 'पायाला सूज कधीपासून?' विचारलं तर 'असंल थोडी' एवढंच ऐकायला मिळतं. जोडवी वेळेत काढून घ्या, नाहीतर नंतर कापावी लागतात. काढण्याआधी त्या बाईंना आणि घरच्यांना नीट विचारा, कारण ती सौभाग्याची खूण असते. बहुतेक जणी तयार होतात, पण कुणी न विचारता काढलेली त्यांना आवडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

एकाच पायाला सूज, पोटरी गरम आणि दुखरी असेल तर तो पाय चोळू नका, कुणाला चोळू देऊ नका, आणि डॉक्टरांना सांगा.

शेवटी छाती ऐका. मान भरलेली, बीपी कमी आणि छाती साफ, हे त्रिकूट दिसलं तर उजव्या कप्प्याचा अटॅक किंवा गुठळी, हे आधी मनात यायला हवं. त्याच वेळी दोन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. व्हेंटिलेटरवर एका बाजूचा श्वास एकदम बंद झाला आणि प्रेशरचा अलार्म वाजला तर टेन्शन न्यूमोथोरॅक्स असू शकतो. हृदयाचे आवाज दबलेले आणि नाडी श्वासाबरोबर हरवत असेल तर हृदयाभोवती पाणी साचलेलं असू शकतं. दोन्हींत मान अशीच फुगते, आणि दोन्हींत मिनिटं मोजावी लागतात.

पायरी २: आकडे खरे आहेत का

सीव्हीपीचा आकडा मॉनिटरवर मोठ्या अक्षरांत दिसतो म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. ट्रान्सड्यूसर (लाइनमधला दाब मोजणारा भाग) कुठे आहे ते आधी बघा. चौथी बरगडीमधली जागा आणि काखेची मधली रेषा जिथे मिळतात तिथे तो हवा. त्या जागेवर पेशंटच्या अंगावर मार्करने खूण करून ठेवा. ट्रान्सड्यूसर १० सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा साधारण साडेसात मिलीमीटरने खोटा वाढतो. संध्याकाळी जेवणासाठी बेडचं डोकं वर केलं आणि ट्रान्सड्यूसर सलाईन स्टँडवर तसाच राहिला, असं रोज घडतं. बेड हलला की लेव्हल करा, शिफ्ट बदलली की झीरो करा, श्वास सोडून संपतो तिथे वाचा. काही ठिकाणी अजून पाण्याच्या मॅनोमीटरवर सीव्हीपी घेतात. तो सेंटीमीटरमध्ये असतो, आणि १ मिलीमीटर पारा म्हणजे सुमारे १.३६ सेंटीमीटर पाणी. चार्टवर एकक लिहिलं नाही तर पुढच्या शिफ्टला घोटाळा होतो.

आकडा एकच बघून फारसं कळत नाही. सामान्यपणे सीव्हीपी २ ते ८ च्या दरम्यान असतो. सकाळी ९, दुपारी १३, रात्री १७ आणि त्याच वेळात लघवी तासाला ५० वरून १५ मिलिलिटर, ही ओळ बघून कुठल्याही रजिस्ट्रारने उठून यायला हवं. लघवी वजनाच्या दर किलोला तासाला अर्धा मिलिलिटरच्या खाली सलग दोन तास राहिली की कळवायचं, सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही.

खालच्या भिंतीचा अटॅक असेल तर उजव्या बाजूचा ईसीजी काढा. व्ही-४ ची लीड उजवीकडे, पाचवी बरगडीमधली जागा आणि गळपट्टीच्या हाडाच्या मध्यरेषेवर लावा. कागदावर हाताने 'उजवी बाजू' असं लिहा, नाहीतर तो फाइलमध्ये साध्या ईसीजीसारखा वाचला जातो. हा बदल काही तासांतच निघून जाऊ शकतो, म्हणून पेशंट आला की लगेच काढा.

रिपोर्टमध्ये लॅक्टेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) एकत्र बघा. लिव्हर तुंबलं की आयएनआर आपोआप चढतो. व्हॉल्व्हच्या पेशंटला आधीच रक्त पातळ ठेवणारं अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर त्याच डोसवर हिरड्यांतून रक्त यायला लागतं. टू-डी इकोच्या रिपोर्टवर टॅप्से (उजवा कप्पा किती जोराने आकसतो त्याचं माप) १७ मिलीमीटरपेक्षा कमी, उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा, मधला पडदा सपाट, खालची मोठी शीर २१ मिलीमीटरहून रुंद आणि श्वासाबरोबर न आकसणारी, असे शब्द दिसले तर तुम्ही मानेवर जे पाहिलं त्याचीच ती पावती समजा.

पायरी ३: फोन

रात्री अडीच वाजता 'सर, बेड ७ चं बीपी कमी आहे' एवढंच सांगितलं तर झोपेतून उत्तर येतं, '२५० सलाईन द्या'. आणि तिथेच नको ते घडतं. त्याऐवजी असं सांगा:

'सर, बेड ७. बासष्ट वर्षांच्या बाई, काल खालच्या भिंतीचा अटॅक, अँजिओप्लास्टी झाली आहे. आता बीपी ८४/५६, नाडी ११०. मान भरलेली आहे, छाती साफ आहे. दोन तासांत २० मिलिलिटर लघवी. सीव्हीपी ११ वरून १८, ट्रान्सड्यूसर मी आत्ता लेव्हल केलाय. हात गार आहेत. नायट्रोचा ड्रिप चालू आहे. उजव्या बाजूचा ईसीजी काढून ठेवलाय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.'

शेवटचं वाक्य न घाबरता म्हणा. फोनवर मिळालेली ऑर्डर परत वाचून दाखवा. नायट्रोचं (नायट्रोग्लिसरीनचं) तर मुद्दाम सांगा, कारण उजव्या कप्प्याचा अटॅक असलेल्या पेशंटचं बीपी नायट्रेटने आणि मॉर्फिनने झपाट्याने कोसळू शकतं. अशा पेशंटची छाती दुखायला लागली तर सवयीने जिभेखाली सॉर्बिट्रेट (तेही नायट्रेटच) ठेवू नका, आधी विचारा. घरी सिल्डेनाफिल चालू असेल तर नायट्रेट अजिबात नाही. पल्मनरी हायपरटेन्शनसाठी ती गोळी बायकांनाही देतात, म्हणून घरून आलेल्या औषधांची पिशवी उघडून प्रत्येक स्ट्रिप वाचा.

पायरी ४: उपचार चालू असताना आपलं लक्ष कुठे

पाणी द्यायचं की काढायचं, हा पहिला प्रश्न. उजव्या कप्प्याचा ताजा अटॅक असेल आणि मान भरलेली नसेल तर थोडं सलाईन फायद्याचं ठरू शकतं, तेही २५० मिलिलिटरसारखं छोटं, आणि नंतर थांबून बघायचं. बीपी आणि लघवी सुधारली नाही, फक्त सीव्हीपी चढला, तर पुढची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. मान आधीच भरलेली असेल तर बहुतेक वेळा लॅसिक्सची वेळ असते. नव्या माणसाला हे अवघड जातं: बीपी कमी आणि आपण लघवीचं औषध देतोय? पण फुगलेला कप्पा थोडा रिकामा झाला की मधला पडदा जागेवर येतो, डावा कप्पा नीट भरतो आणि बीपी सुधारतं. बऱ्याचदा बीपी सांभाळायला नॉरअ‍ॅड आणि बरोबरीने लॅसिक्स, दोन्ही एकदम चालतात.

लॅसिक्सचा मोठा डोस मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देऊ नका, कानाला इजा होते. दिल्यावर पहिल्या सहा तासांत तासाला १०० ते १५० मिलिलिटर लघवी हवी. तेवढी येत नसेल तर सहाव्या तासाची वाट न बघता दोन तासांनी सांगा. आतड्यांना सूज असते म्हणून घरची तीच गोळी पोटातून नीट शोषली जात नाही. 'घरी ४० ची गोळी घेतच होते, तरी सूज आली' याचा अर्थ पेशंटने पथ्य मोडलं असाच नसतो.

नॉरअ‍ॅड मोठ्या शिरेतूनच, सेंट्रल लाइनच्या वेगळ्या पोर्टवर. त्या पोर्टमधून दुसरं काहीही ढकलायचं नाही, कारण लाइनमधला साठा एकदम आत जातो. हृदयाचा जोर वाढवणाऱ्या डोब्युटामिनने नाडी आणि अनियमित ठोके वाढतात. त्याच कामाचं मिलरिनोन किडनीतून बाहेर पडतं, त्यामुळे लघवी कमी असलेल्या पेशंटच्या अंगात साचतं आणि बीपी पाडतं. पेशंटच्या ठोक्यात अचानक एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्याची अनियमित थरथर) आलं तर ते किरकोळ समजू नका. उजव्या कप्प्याला वरच्या कप्प्याच्या ढकलण्याची फार गरज असते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा रिपोर्ट शिफ्टच्या सुरुवातीलाच बघून ठेवा.

फुप्फुसाकडून उजव्या कप्प्यावर तीन गोष्टींनी ताण येतो: ऑक्सिजन कमी होणं, कार्बन डायऑक्साइड साचणं, रक्त आम्लधर्मी होणं. तिन्हींनी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून एबीजीचा (धमनीतल्या रक्तातल्या वायूंचा) रिपोर्ट आला की पीएच आणि पीसीओटू या दोन ओळी आधी वाचा. सीओपीडीच्या पेशंटसाठी सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं, इतरांसाठी डॉक्टर सांगतील ते. व्हेंटिलेटरवर आदर्श वजनाच्या दर किलोला ६ ते ८ मिलिलिटरचा श्वास, प्लॅटो (श्वास भरून थांबल्यावरचा दाब) ३० च्या खाली, आणि पीप गरजेपुरताच. सॅच्युरेशन कमी झालं म्हणून कुणी पीप एकदम वाढवलं आणि पुढच्या पाच मिनिटांत बीपी पडलं, तर या दोन घटनांची वेळ लिहा आणि तोंडाने सांगा. हे दुवे बाहेरून येणाऱ्या माणसाला दिसत नाहीत.

इंट्युबेशन हा या पेशंटचा सगळ्यात धोक्याचा क्षण. झोपेच्या औषधाने बीपी पडतं, दाबाने हवा भरली की उजव्या कप्प्यासमोरचा दाब वाढतो. नॉरअ‍ॅड आधीच चालू करून ठेवायचं का, हे ट्यूबची तयारी करताना स्पष्ट विचारा. आर्टेरियल लाइन आधी लागली तर उत्तम.

आता आपल्या रोजच्या कामांविषयी, कारण मी सगळ्यात जास्त पेशंट इथे घसरताना पाहिले आहेत. सक्शन करताना आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या, नळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवू नका, बंद सक्शन असेल तर तेच वापरा. नॉरअ‍ॅडची सिरिंज संपायच्या काही मिनिटं आधी अलार्म वाजतो, पण नवी सिरिंज त्याआधी भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपावर तयार हवी. या पेशंटला अर्ध्या मिनिटाचा खंडही महागात पडतो. कुशीवर वळवणं, अंघोळ, चादर बदलणं आणि फिजिओ हे सगळं एकामागोमाग उरकू नका. एक काम करा, सॅच्युरेशन आणि बीपी जागेवर येऊ द्या, मग दुसरं. वळवायला वॉर्डातले मदतनीस, मामा आणि मावशी, दोघांना बोलवा. एकट्याने ओढाताण केली की लाइनही निघतात आणि सूजलेली कातडीही सोलवटते. नायट्रिक ऑक्साइड चालू असेल तर सिलिंडरचा काटा दर तासाला बघा आणि दुसरा सिलिंडर जवळ ठेवा. तो वायू एकदम बंद पडला तर फुप्फुसाचा दाब उसळी मारतो.

गुठळीसाठी क्लॉटबस्टर (गुठळी विरघळवणारं औषध) दिलं असेल तर स्नायूत इंजेक्शन नाही, नवी ट्यूब किंवा कॅथेटर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिल्या काही तासांत शुद्ध, बोलणं आणि बुबुळं वारंवार तपासा. डोकं दुखतंय म्हणाले तर पॅरासिटामॉल देऊन मोकळं होऊ नका, थेट फोन.

पायरी ५: कातडी, ताट आणि दारातले नातेवाईक

सुजलेल्या कातडीला रक्त नीट पोचत नाही. माकडहाड, टाचा आणि वृषणाची सूज यांकडे प्रत्येक शिफ्टला बघा. टाचा उशीवर टेकवू नका, पोटरीखाली आधार देऊन अधांतरी ठेवा. बीपीचा पट्टा सतत एकाच दंडावर ठेवू नका.

वजन रोज, सकाळी, त्याच बेडवर, तेवढ्याच चादरी ठेवून. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. इनपुट-आउटपुटच्या बेरजेत घाम, जुलाब, औषधांसोबत जाणारं सलाईन निसटतं, वजनात ते निसटत नाही. अँटिबायोटिकच्या बाटल्या आणि फ्लश धरले की नुसत्या औषधांतून अर्धा-एक लिटर पाणी सहज जातं. ते कमी करता येईल का, हे राऊंडला तुम्हीच विचारायचं. कन्सल्टंटच्या डोळ्यासमोर ती बेरीज नसते.

पाणी मोजून द्यायचं असलं की तहानेने पेशंट कासावीस होतो. ओल्या गॉजने ओठ पुसा, बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, तोंड स्वच्छ ठेवा. तेही मोजणीत धरा.

दारापाशी डबा घेऊन उभे असलेल्या लेकी-सुनांशी दोन मिनिटं बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. मीठ दिवसभरात सगळं मिळून चहाच्या सपाट एका चमच्याएवढं, म्हणजे ५ ग्रॅम. त्यात भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचं, पापड, फरसाण बसत नाही. शहाळ्याचं मात्र नीट समजावून सांगा. हॉस्पिटलबाहेरच्या गाडीवरून प्रेमाने आणलेलं शहाळं म्हणजे एका वेळी पावशेर-अर्धा लिटर पाणी, आणि त्यात पोटॅशियम भरपूर. किडनी मंदावलेली आणि पोटॅशियम वाढवणारं अल्डॅक्टोन चालू असलेल्या पेशंटचं पोटॅशियम त्याने धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. 'काकू, शहाळं चांगलंच असतं, पण यांच्या किडनीला आत्ता झेपणार नाही' असं म्हटलं की लोक ऐकतात. नुसतं 'अलाऊड नाही' म्हटलं की ते चोरून पाजतात.

वॉर्डला पाठवताना

हँडओव्हरमध्ये सीव्हीपीचा शेवटचा आकडा नसला तरी चालेल, पण आजचं वजन, किती वजनावर पेशंट बरा वाटत होता, शेवटच्या चोवीस तासांची लघवी, आयएनआर आणि पोटॅशियम लिहिलेलं हवं. वॉर्डच्या सिस्टरला मानेतली शीर प्रत्यक्ष दाखवा. घरी जाताना घरच्यांना वजनाचा काटा घ्यायला सांगा. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी वजन, वहीत तारखेसकट. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, चप्पल बसेना, पोट गच्च वाटायला लागलं किंवा जेवण नकोसं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ओपीडीत यायचं, वही आणि औषधांच्या स्ट्रिप घेऊन.